घरगुती बिअरनिर्मितीची भांडी व उपकरणे

घरगुती बिअरनिर्मितीची भांडी व उपकरणे या संज्ञेत, स्वतःच्या उपभोगासाठी अल्प प्रमाणात बिअर तयार करताना लागणारी पातेली, गाळण्या, शीतक, किण्वनपात्रे आणि मापनसाधने यांचा समावेश होतो. यांपैकी वर्ट (मोड आणलेल्या धान्याचा गोड काढा) उकळण्याचे पातेले हे सर्वांत महत्त्वाचे मानले जाते. त्याच्या आकारमानावर एका वेळी किती बिअर होईल, कोणती शेगडी लागेल, काढा किती वेळात थंड होईल आणि काम किती सुरक्षितपणे पार पडेल, हे सारे अवलंबून असते.

इंग्रजीत या पातेल्यास 'केटल' म्हणतात. याच शब्दापासून आलेला 'किटली' हा शब्द मराठीत चहाच्या अथवा दूध वाहून नेण्याच्या भांड्यासाठी रूढ झाला. त्यामुळे बिअरच्या संदर्भात 'किटली' म्हटल्यास गैरसमज होण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात हे भांडे लग्नकार्यात आमटी-भातासाठी वापरल्या जाणाऱ्या उभट पातेल्यासारखे असते.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर तयार करणे कायद्याने निषिद्ध आहे (पहा: कायदेशीर स्थिती). ज्या देशांत त्यास मुभा आहे तेथील प्रघात आणि त्यामागील शास्त्र यांची माहिती या लेखात दिली आहे. दख्खनच्या पठारावरील हवामान, पाणी व धान्य यांचा या शास्त्राशी येणारा संबंधही जागोजागी नोंदविला आहे.

## कायदेशीर स्थिती

### महाराष्ट्र

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मादक पेयांचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक व विक्री हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. राज्यात 'मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९' लागू असून तो आता 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' या नावाने ओळखला जातो. या अधिनियमाच्या वैधतेचा प्रश्न १९५१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. 'मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा' या खटल्यात न्यायालयाने काही तरतुदी रद्द ठरवून उर्वरित कायदा वैध ठरविला.

अधिनियमाच्या कलम १२ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास मनाई आहे. कलम ६५ मध्ये त्याबद्दलच्या शिक्षेची तरतूद आहे. मादक द्रव्य तयार करण्याच्या हेतूने साहित्य, भट्टी, भांडी अथवा उपकरणे बाळगणे हादेखील याच कलमाखाली गुन्हा ठरतो. पातेले, गाळणी, नळी या वस्तू एरवी स्वयंपाकघरातल्याच असतात. त्यांच्या वापराचा हेतू मात्र कायद्याच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. परवानाधारक व्यावसायिकांची गोष्ट वेगळी आहे. पुण्यात २००९ साली सुरू झालेली 'डूलाली' ही राज्यातील आरंभीच्या सूक्ष्म बिअरनिर्मितीशाळांपैकी एक होय. तेव्हापासून पुणे व मुंबई येथे अशा अनेक शाळा उभ्या राहिल्या आहेत. तेथील पातेल्यांची धारकता शेकडो लिटर असली, तरी प्रक्रिया या लेखात वर्णिलेलीच असते.

### इतर देश

ब्रिटनमध्ये १८८० पासून घरगुती बिअरसाठी परवाना लागत असे. ती अट १९६३ साली रद्द झाली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने घरगुती बिअर करमुक्त केली. एका प्रौढाच्या घरासाठी वर्षाला १०० गॅलन (सुमारे ३७९ लिटर) आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घरासाठी २०० गॅलन (सुमारे ७५७ लिटर) अशी तेथील मर्यादा आहे. ही बिअर विकता येत नाही. अलाबामा व मिसिसिपी या राज्यांनी मात्र २०१३ पर्यंत त्यास परवानगी दिली नव्हती. जपानमध्ये एक टक्का वा त्याहून अधिक अल्कोहोल असलेले पेय घरी तयार करण्यास आजही मनाई आहे.

## प्रक्रियेचा आढावा

बिअरनिर्मितीचे चार मुख्य टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याचे भांडे वेगळे असते.

१. भिजवण (मॅश): मोड आणून वाळवलेले सातू (माल्ट) भरडून ६३° ते ६९° सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सुमारे एक तास मुरवतात. धान्यातील विकरे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात.

२. उकळणे: चोथ्यापासून वेगळा केलेला काढा सुमारे एक तास उकळतात व त्यात हॉप्स ही कडवट फुले घालतात.

३. थंड करणे: उकळता काढा शक्य तितक्या लवकर सुमारे २०° सेल्सिअसपर्यंत आणतात.

४. किण्वन: काढ्यात यीस्ट घालून एक ते दोन आठवडे ठेवतात. शर्करेचे अल्कोहोल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर होते.

तयार माल्ट-अर्क वापरल्यास पहिला टप्पा वगळता येतो. मग उपकरणेही निम्म्याने कमी लागतात.

## उकळण्याचे पातेले

### उकळण्याचा हेतू

काढा उकळल्याने त्यातील जंतू मरतात, विकरांचे कार्य थांबते, प्रथिने साकळून तळाशी बसतात आणि हॉप्समधील आम्लांचे कडवट रूपात परिवर्तन होते. शिवाय उकडलेल्या मक्यासारखा वास आणणारे एक गंधकयुक्त संयुग वाफेबरोबर निघून जाते. म्हणून उकळताना पातेल्यावर पूर्ण झाकण ठेवत नाहीत. झाकणावर थंड झालेली वाफ परत आत ठिबकली तर तो वास बिअरमध्ये राहतो.

दख्खनच्या पठारावर समुद्रसपाटीपासून ५५० ते ६५० मीटर उंचीवर पाणी सुमारे ९८° सेल्सिअसलाच उकळते. निर्जंतुकीकरणाला त्याने बाध येत नाही. कडवटपणा उतरण्याची क्रिया मात्र किंचित मंदावते. कोकणातील वा परदेशातील समुद्रकाठच्या कृतीशी तुलना करताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

### आकारमानाचा हिशेब

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे जितकी बिअर हवी तितक्याच धारकतेचे पातेले घेणे. वीस लिटर बिअरसाठी वीस लिटरचे पातेले पुरत नाही. योग्य आकारमान काढताना अंतिम मापापासून उलट्या क्रमाने हिशेब करतात. त्यात पुढील चार बाबी मिळवाव्या लागतात.

* गाळ: साकळलेली प्रथिने व हॉप्सचा चोथा यांत अडकून राहणारा काढा. वीस लिटरमागे तो सुमारे दोन लिटर असतो.
* आकुंचन: उकळता द्रव २०° सेल्सिअसपर्यंत थंड झाल्यावर त्याचे आकारमान सुमारे चार टक्के घटते.
* बाष्पीभवन: तासाभराच्या उकळीत आटणारे पाणी. ते मुख्यतः आचेवर अवलंबून असते.
* फेसाची जागा: पातेल्याचा किमान एक चतुर्थांश भाग रिकामा असावा लागतो.

वीस लिटर बिअरचे उदाहरण घेऊ. गाळाचे दोन लिटर मिळवल्यास थंड काढा २२ लिटर हवा. आकुंचन लक्षात घेता उकळीच्या अखेरीस तो सुमारे २३ लिटर असावा लागतो. तासाला चार लिटर पाणी आटते असे धरल्यास आरंभी २७ लिटर काढा लागेल. हे २७ लिटर पातेल्याच्या तीन चतुर्थांश भागात बसायचे असल्यास पातेले ३६ लिटरचे हवे. याच रीतीने इतर मापांचा हिशेब असा होतो:

* ५ लिटर बिअर: आरंभीचा काढा सुमारे ७.५ लिटर, पातेले १० लिटरचे.
* १० लिटर बिअर: आरंभीचा काढा सुमारे १४ लिटर, पातेले १९ ते २० लिटरचे.
* २० लिटर बिअर: आरंभीचा काढा सुमारे २७ लिटर, पातेले ३६ ते ४० लिटरचे.

फेसाच्या जागेबाबत काटकसर करू नये. दूध उतू जाते त्याच कारणाने, म्हणजे प्रथिनांच्या पापुद्र्याखाली वाफ कोंडल्याने, काढाही उकळीच्या पहिल्या क्षणी फसफसून वर येतो. हॉप्स घालताना तो पुन्हा उसळतो. अंगावर सांडलेला काढा साखरेमुळे चिकट असतो. त्यामुळे त्याने होणारा भाजण्याचा व्रण साध्या गरम पाण्याच्या व्रणापेक्षा खोल जाऊ शकतो.

### आकार व माप

पातेल्याची उंची व्यासाइतकी किंवा त्याहून थोडी अधिक असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. ३६ सेंमी व्यास व ३८ सेंमी उंचीच्या दंडगोल पातेल्यात सुमारे ३८.७ लिटर द्रव मावतो. ३६ सेंमी व्यासाची एक सोय अशी की, त्यात एक सेंमी उंचीच्या द्रवाचे आकारमान जवळजवळ एक लिटर भरते. साधी स्टीलची पट्टी उभी धरून काढा किती आहे हे लगेच वाचता येते. इतर व्यासांसाठी ज्ञात मापाने एकेक लिटर पाणी ओतून लाकडी काठीवर खुणा करून घेतात. पातेल्यावर छापलेले माप बहुधा काठोकाठ भरल्यावरचे असते, त्यामुळे अशी खातरजमा आवश्यक ठरते.

### गुऱ्हाळाच्या काहिलीशी तुलना

महाराष्ट्रातील वाचकास द्रव उकळण्याचे सर्वांत परिचित मोठे भांडे म्हणजे गुऱ्हाळातील काहील. दोहोंची तुलना केल्यास भांड्याचा आकार हेतूवरून कसा ठरतो हे स्पष्ट होते. उसाच्या रसात साधारण १८ ते २० टक्के विद्राव्य घनपदार्थ असतात. गूळ होण्यासाठी त्यातील जवळजवळ सर्व पाणी काढून टाकावे लागते, म्हणून १०० किलो रसातून सुमारे २० किलो गूळ मिळतो. त्यासाठी काहील रुंद व उथळ असते. रुंद तळाला चुलवणाची आच भरपूर लागते आणि वाफेला पसरट पृष्ठभाग मिळतो. शिवाय मळी काढणे व सतत ढवळणे सोपे जाते.

बिअरच्या काढ्यातून मात्र केवळ दहा ते पंधरा टक्के पाणी आटवायचे असते. पसरट भांड्यात तो प्रमाणाबाहेर आटून गडद होतो. म्हणून येथे उभट पातेले सोयीचे ठरते. तळापाशी करपू नये ही काळजी दोन्हीकडे सारखीच असते. माल्ट-अर्क घालताना आच बंद करून तो पूर्ण विरघळेपर्यंत ढवळतात, ते याच कारणाने.

### धातूची निवड

स्टेनलेस स्टील टिकाऊ असून आम्लाला व घासण्याला दाद देत नाही. मात्र त्याची उष्णतावाहकता कमी असल्याने पातळ तळाच्या पातेल्यात ज्योतीच्या जागी काढा करपतो. जाड अथवा थरांचा तळ असलेले पातेले त्यासाठी श्रेयस्कर ठरते.

ॲल्युमिनियम, म्हणजेच बोलीभाषेत 'जर्मन', स्वस्त व हलके असून स्टीलच्या दहापटीहून अधिक उष्णतावाहक आहे. नव्या पातेल्यात प्रथम नुसते पाणी उकळून आतून ऑक्साइडचा करडा थर बसू देतात. हा थर संरक्षक असतो, म्हणून तो घासून चकचकीत करू नये. कॉस्टिक सोड्याने ही भांडी झिजतात.

तांबे हा युरोपातील बिअरनिर्मितीचा पारंपरिक धातू होय. इंग्रजांच्या परिभाषेत उकळण्याच्या पातेल्यालाच 'कॉपर' म्हणत. गोव्यात काजूची फेणी गाळण्यासाठी वापरले जाणारे 'भाण'ही पुष्कळदा तांब्याचे असते. तांबे व पितळ आम्लधर्मी काढ्यात थोड्या प्रमाणात विरघळतात. त्यामुळे कल्हई उडालेले जुने पितळी पातेले या कामी वर्ज्य मानले जाते.

टवके उडालेले इनॅमलचे भांडे व जस्ताचा मुलामा दिलेली बादली यांचा वापर करत नाहीत. आम्लधर्मी द्रवात जस्त उतरते व ते पोटात गेल्यास बाधते.

## शेगडी व इंधन

पातेले घेण्यापूर्वी शेगडीची शक्ती तपासावी लागते. २७ लिटर काढा ३०° वरून ९८° सेल्सिअसपर्यंत नेण्यासाठी सुमारे ७,७०० किलोज्यूल उष्णता लागते. घरगुती गॅसशेगडीच्या मोठ्या बर्नरची शक्ती सुमारे अडीच किलोवॉट धरली आणि त्यातील साधारण निम्म्याहून थोडी अधिक उष्णता काढ्यापर्यंत पोहोचते असे मानले, तर उकळी फुटण्यास दीड तास लागेल.

पुढची अडचण याहून मोठी आहे. तासाला चार लिटर पाणी आटवण्यास सुमारे अडीच किलोवॉट शक्ती प्रत्यक्ष काढ्याला मिळाली पाहिजे. घरगुती बर्नर त्याच्या निम्म्याच्या आसपासच देऊ शकतो. परिणामी ४० लिटरचे पातेले घरच्या शेगडीवर खळखळून उकळत नाही, नुसते वाफाळत राहते. म्हणून स्वयंपाकघरातील शेगडीवर दहा लिटर बिअर ही व्यवहार्य कमाल मर्यादा समजली जाते. त्यापुढे आचाऱ्यांकडे असते तशी मोठ्या ज्योतीची भट्टी किंवा अंतर्गत विद्युत तापक लागतो.

मोठी भट्टी बंद खोलीत पेटवू नये. अपुऱ्या हवेत ज्वलन अपूर्ण राहून कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू निर्माण होतो.

## भिजवणीची भांडी

### वेगळे भांडे

पारंपरिक पद्धतीत भिजवणीसाठी स्वतंत्र उष्णतारोधक भांडे असते. शीतपेये थंड ठेवण्याची प्लास्टिकची पेटी त्यासाठी वापरली जाते. तिच्या तळाशी छिद्रांची चकती अथवा जाळीची नळी बसवून तोटीवाटे काढा पातेल्यात घेतात. उरलेली गोडी काढण्यासाठी चोथ्यावरून सुमारे ७५° सेल्सिअसचे पाणी सोडतात. या पद्धतीला पाणी तापविण्याचे तिसरे भांडेही लागते.

### पिशवीतील भिजवण

ऑस्ट्रेलियातील हौशी बिअरकारांनी ही सुटसुटीत पद्धत रूढ केली. पातेल्यातच बारीक जाळीची पिशवी लावून तीत भरड भिजवतात व नंतर पिशवी उचलून निथळतात. एकाच पातेल्यात सारे काम होत असल्याने खर्च वाचतो. मात्र पातेल्याच्या मापाचा हिशेब पुन्हा करावा लागतो. वीस लिटर बिअरसाठी पाच किलो माल्ट घेतल्यास, चोथ्यात सुमारे तीन लिटर पाणी राहते. त्यामुळे आरंभी ३० लिटर पाणी घ्यावे लागते. पाच किलो धान्य साधारण साडेतीन लिटर जागा व्यापते. म्हणजे भिजवणीच्या वेळी पातेल्यात साडेतेहतीस लिटर ऐवज असतो. ३६ लिटरचे पातेले येथे काठोकाठ येते, म्हणून ४० लिटरचे घेणे सोयीचे.

### ज्वारी व नाचणी

आफ्रिकेच्या अनेक भागांत ज्वारीची बिअर पारंपरिक आहे. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने त्याची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी पाश्चात्त्य देशांतही तिचा वापर होतो. मालदांडी ज्वारी पिकविणाऱ्या जामखेड, कर्जत, श्रीगोंदा या भागातील वाचकास हा विषय जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. उपकरणांच्या दृष्टीने ज्वारीत तीन अडचणी येतात.

पहिली म्हणजे तिचे पिष्ट साताच्या पिष्टापेक्षा अधिक तापमानास, साधारण ७०° सेल्सिअसच्या पुढे, फुलते. तोवर विकरे नष्ट होऊ लागतात. त्यामुळे भरड वेगळ्या भांड्यात शिजवून घ्यावी लागते व एक जादा पातेले लागते. दुसरी अडचण अशी की, मळणीनंतर ज्वारीला सातूसारखे टरफल राहत नाही. टरफल नैसर्गिक गाळणीचे काम करते. ते नसल्यास चोथा गच्च बसतो व भाताचा तूस मिसळावा लागतो. तिसरी अडचण आरोग्याची आहे. ज्वारीच्या कोवळ्या मोडांत सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना होणारी विषबाधा त्यामुळेच होते. म्हणून ज्वारीचे माल्ट करताना वाळवल्यावर मोड चोळून पूर्णपणे काढून टाकतात.

नाचणीला मोड आणून सत्त्व करण्याची रीत महाराष्ट्रात घरोघरी आहे. माल्ट तयार करण्याची मूळ क्रिया तीच होय.

## शीतकरण

उकळी थांबल्यावर काढा कोमट राहील तितका काळ जंतुसंसर्गाचा धोका असतो. दोन-तीन लिटरचा काढा बर्फाच्या पाण्यात पातेले बुडवून थंड करता येतो. वीस लिटरला ते पुरत नाही, कारण आकारमान वाढते त्या प्रमाणात पृष्ठभाग वाढत नाही. त्यासाठी तांब्याच्या आठ-दहा मीटर नळीचे वेटोळे काढ्यात बुडवून त्यातून थंड पाणी खेळवतात.

वेटोळ्यातून येणाऱ्या पाण्यापेक्षा काढा अधिक थंड होऊ शकत नाही. उन्हाळ्यात पठारावरील टाकीतील पाणी ३०° सेल्सिअस वा त्याहून गरम असते. अशा वेळी काढा आधी नळाच्या पाण्याने ४०° पर्यंत आणून पुढे बर्फाचे पाणी लहान पंपाने फिरवतात.

एका वेळच्या शीतकरणास शंभर लिटरहून अधिक पाणी सहज वाहून जाते. जामखेडसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात, जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे एवढे पाणी सोडून देणे हा उपकरणाचा गंभीर दोष मानावा लागेल. ऑस्ट्रेलियातही पाणीटंचाईमुळेच 'विनाशीतक' पद्धत लोकप्रिय झाली. तीत उकळता काढा उष्णतासह खाद्ययोग्य प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरतात, हवा दाबून काढतात व झाकण घट्ट लावून तो रात्रभर आपोआप निवू देतात. कॅन आतून उष्णतेनेच निर्जंतुक होतो. हॉप्स अधिक काळ गरम राहिल्याने कडवटपणा थोडा वाढतो, एवढा भेद सोडल्यास पाण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो.

## किण्वनपात्र

किण्वनपात्रात वरच्या फेसासाठी २० ते २५ टक्के जागा मोकळी ठेवतात. वीस लिटर काढ्यास २५ ते ३० लिटरचे पात्र योग्य. खाद्ययोग्य प्लास्टिकचे पात्र स्वस्त व हलके असते, पण त्यास आतून ओरखडे पडल्यास त्यांत जंतू दडतात. काचेची मोठी बरणी स्वच्छ राहते. मात्र ती भरलेली असताना हातातून निसटल्यास गंभीर इजा होते. दुधाच्या कॅनसारखी स्टीलची पात्रे सर्वांत टिकाऊ असतात.

वीस लिटर साध्या बिअरच्या किण्वनात ४०० लिटरहून अधिक कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. पात्र हवाबंद ठेवल्यास ते फुटते. म्हणून झाकणात पाण्याचा एअरलॉक बसवतात. त्यातून वायू बाहेर जातो, पण बाहेरची हवा आत येत नाही.

बहुतेक एल प्रकारच्या यीस्टला १८° ते २२° सेल्सिअस आणि लागर यीस्टला ८° ते १३° सेल्सिअस तापमान मानवते. अहिल्यानगर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४०° च्या पुढे जातो. अशा हवेत तापमान-नियंत्रक जोडलेला जुना फ्रिज हे उत्तम साधन असते. कोरड्या हवेत ओले गोणपाट गुंडाळून पात्र पाण्याच्या परातीत ठेवल्यास, माठाच्याच तत्त्वाने, त्याचे तापमान काही अंशांनी उतरते. नॉर्वेतील 'क्वाइक' हे पारंपरिक यीस्ट मात्र ३०° ते ४०° सेल्सिअसलाही चांगले काम करते.

## मापनसाधने

* तापमापक: भिजवणीतील दोन-तीन अंशांचा फरकही शर्करेचा प्रकार बदलतो. तापमापकाची खातरी वितळत्या बर्फात (०° सेल्सिअस) करतात. उकळत्या पाण्यात तपासताना त्या स्थानाची उंची विचारात घ्यावी लागते, अन्यथा पठारावर अचूक तापमापकही दोन अंश कमी दाखवतो असे वाटेल.
* घनतामापी (हायड्रोमीटर): किण्वनापूर्वी व नंतर काढ्याची सापेक्ष घनता मोजतात. दोन्हींतील फरकास १३१.२५ ने गुणल्यास अल्कोहोलचे आकारमानी टक्के मिळतात. आरंभी १.०४८ व अखेरीस १.०१० असल्यास अल्कोहोल सुमारे ५ टक्के असते. उपकरण २०° सेल्सिअसचे असेल आणि नमुना ३०° वर असेल, तर वाचनात सुमारे ०.००२५ मिळवतात.
* अपवर्तनमापी: साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत उसाच्या रसाचा 'ब्रिक्स' मोजण्यासाठी वापरले जाणारे हे साधन येथेही चालते. १.०४८ घनतेचा काढा साधारण १२ ब्रिक्सचा असतो. किण्वन सुरू झाल्यावर अल्कोहोलमुळे त्याचे वाचन चुकते.
* वजनकाटा: धान्यासाठी किलोचा, तर हॉप्ससाठी एक ग्रॅमपर्यंत अचूक असा वेगळा काटा लागतो.

## स्वच्छता व निर्जंतुकीकरण

स्वच्छता म्हणजे दिसणारा मळ काढणे आणि निर्जंतुकीकरण म्हणजे न दिसणारे जंतू मारणे. पहिली क्रिया नीट न झाल्यास दुसरी निष्फळ ठरते. पातेल्यात काढा उकळलाच जात असल्याने ते घासून स्वच्छ असले तरी पुरते. उकळीनंतर काढ्याला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे नळी, पळी, झाकण, एअरलॉक व किण्वनपात्र, निर्जंतुक असावी लागते. त्यासाठी आयोडीनयुक्त किंवा फॉस्फरिक आम्लयुक्त द्रावणे वापरतात. क्लोरीनच्या ब्लीचने स्टीलला बारीक खड्डे पडतात. ब्लीच व आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो.

## बाटल्या भरणे

बाटलीत फेस येण्यासाठी भरताना लिटरमागे पाच ते सात ग्रॅम साखर घालतात. किण्वन पूर्ण होण्यापूर्वी बाटल्या भरल्यास अथवा साखर अधिक पडल्यास दाब वाढून बाटल्या फुटतात. म्हणून सलग दोन-तीन दिवस घनता स्थिर असल्याची खात्री करतात आणि दाब सहन करणाऱ्या जाड बाटल्याच घेतात. सरबताच्या वा औषधाच्या पातळ बाटल्या धोकादायक ठरतात.

## सुरक्षितता

२७ लिटर उकळता काढा पातेल्यासह तीस किलोहून अधिक भरतो. तो उचलून ओतणे हे घरगुती बिअरनिर्मितीतील सर्वांत धोक्याचे काम आहे. त्यामुळे २० लिटरपुढील पातेल्यास तळाशी तोटी असणे ही चैन नसून गरज ठरते. पातेले सपाट, भक्कम व लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवतात.

बिअर आणि ऊर्ध्वपातित मद्य यांतील भेद येथे नोंदविणे आवश्यक आहे. धान्याच्या किण्वनात मिथेनॉलचे प्रमाण नगण्य असते आणि बिअरमध्ये ऊर्ध्वपातन होत नाही. या लेखातील पातेले दारू गाळण्यासाठी नसते. बेकायदा दारूतील मृत्यू बहुधा तीत मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलमुळे होतात. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशा दारूने शंभराहून अधिक जणांचा बळी घेतला. फेब्रुवारी २०१७ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील पांगरमल येथेही बनावट दारू पिऊन काही ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. परवान्याशिवाय होणाऱ्या उत्पादनावर राज्याचा कायदा कठोर असण्यामागे अशा घटनांची पार्श्वभूमी आहे. त्याचबरोबर, बिअरमधील अल्कोहोलही आरोग्यास अपायकारक असून यकृताचे विकार व काही कर्करोग यांच्याशी त्याचा संबंध सिद्ध झाला आहे.

## निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून उपकरणे निवडण्याचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येतो. प्रथम त्या ठिकाणचा कायदा पाहावा. त्यानंतर उपलब्ध आच व पाणी यांचा अंदाज घ्यावा, कारण बिअरचे माप त्यांवरूनच ठरते. मापावरून पातेल्याचे आकारमान काढावे आणि पातेल्यास साजेशी किण्वनपात्र, शीतक व मापनसाधने घ्यावीत. आधी मोठे पातेले विकत घेऊन मग त्याला पुरेल अशी शेगडी शोधणे हा उलटा क्रम होय. नवशिक्या व्यक्तीस पाच अथवा दहा लिटरचे माप सुचविले जाते. त्यात चूक झाली तरी धान्य, इंधन व पाणी थोडेच वाया जाते.

## हेही पहा

* किण्वन
* सातू
* गुऱ्हाळ
* फेणी
* महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम